दादांचा श्वास कोंडलेले स्फटिक

प्रयोगशाळेत तिला सगळे वहिनी म्हणायचे, कारण वर्कशॉपात लेथवर काम करणारा तिचा नवरा सगळ्यांचा दादा होता. मला ती भाऊजी म्हणे आणि शेजारच्या टेबलावरून हक्कानं झापत असे. तिचं काम फुलरीनचे स्फटिक वाढवायचं. फुलरीन म्हणजे कार्बनच्या साठ अणूंचा पोकळ चेंडू, आणि स्फटिक म्हणजे फळवाल्यानं मोसंबी रचावीत तसे रचलेले असले अगणित चेंडू. कितीही नेटकं रचलं तरी मधे फटी राहतातच. दाब देऊन वायू आत घुसवला, की त्याचे रेणू त्या फटींत जाऊन बसतात आणि थंडीत ठेवले तर बराच काळ तिथेच राहतात. खुद्द चेंडूच्या पोटातही वायू कोंडता येतो, पण तिथे हजारांत एखाद्यालाच जागा मिळते.

वहिनीचा एक कायदा होता. स्फटिक हवेतलं काहीबाही धरून बसतात, म्हणून मोजणीच्या यंत्रात घालण्याआधी ते निर्वात भट्टीत रात्रभर तापवून फटी रिकाम्या करून घ्यायच्या. यात कुणी आळस केला की ती त्याची बिनपाण्यानं करायची. सगळे तिला टरकून असत, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा.

पुढे दादांची फुप्फुसं निकामी होत गेली. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर आलं. डॉक्टरांनीही हात टेकले, तेव्हा वहिनीच्या डोक्यात एक खूळ शिरलं. वायू गोळा करायची पिशवी तिनं घरी नेली आणि दादांना तीत फुंकायला लावलं. मी तेव्हा त्यांना भेटायला गेलो होतो. पिशवी काही केल्या भरेना. दादा दमून हसले आणि म्हणाले, जन्मभर धाकात ठेवलंस, आता कोंडूनही ठेव. तिनं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला आणि नळी पुन्हा त्यांच्या ओठांना लावली.

तो श्वास तिनं दादांनीच कातलेल्या पोलादी कोठीत, दाब देऊन, चिमूटभर ताज्या स्फटिकांत भरला. स्फटिक काचेच्या नळीत बंद करून थंड कपाटात मागच्या बाजूला ठेवले. मला हा निव्वळ वेडेपणा वाटला. श्वास म्हणजे काय, तर नायट्रोजन, ऑक्सिजन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड. कुणाचाही घ्या, तेच. पण हे तिच्या तोंडावर म्हणायची माझी छाती नव्हती, आणि दादा गेल्यावर तर माझ्याही मनात ते पुन्हा आलं नाही. रोज आल्या आल्या ती कपाट उघडून नळी बघायची आणि मग कामाला लागायची.

असा वायू हळूहळू निसटतो, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तो अजून आत आहे ना, एवढंच तिला एकदा बघायचं होतं. यंत्र स्फटिकांना धक्का लावत नाही, जसेच्या तसे परत मिळतात. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, परगावी गेले आणि यंत्र मोकळं मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो, तर ती यंत्रासमोर बसली होती. पडद्यावर सपाट रेघ. वायू असता तर तिथे उंचवटे उमटले असते. यंत्र बिघडलं असेल, पुन्हा लावून बघू, असं मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि भट्टीकडे बोट केलं. भट्टी अजून कोमट होती. आदल्या संध्याकाळी तिनं नळी फोडली, स्फटिक ताटलीत ओतले, ताटली भट्टीत सरकवली आणि पंप लावून ती घरी गेली होती. यंत्रात घालायचं म्हणजे आधी तापवायचं. इतक्या वर्षांचे सरावलेले हात, त्यांनी तिला विचारलंच नाही. रात्रभरात पंपानं दादांचा श्वास ओढून बाहेरच्या हवेत सोडून दिला होता.

दादा गेले तेव्हा या बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं आणि लोकांनी तिला नावं ठेवली होती. आता ती टेबलावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडत होती. माझ्याच्यानं ते बघवेना. परगावी असलेल्या तिच्या मुलीला बोलावून घ्यावं म्हणून मी फोन काढला आणि तिला काय सांगू, असं वहिनीला विचारलं.

"सांगा तिला, भाऊजी," ती म्हणाली, "बाबा आज गेले."