मधूचा अनुभवाचा दाखला

सव्वा महिना झाला. सकाळी पोहे खात होतो, तेवढ्यात प्रज्ञाचा फोन आला. "काका, बाबा पत्र्यावरून पडले," एवढंच ती म्हणाली. मी मूर्खासारखं विचारलं, "फार लागलं का गं?" तिनं फोन ठेवून दिला. मग मला कळलं. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या छपरावर सोलर पॅनल पुसताना माझा मित्र मधुकर गांगुर्डे गेला. खाली उजेड यावा म्हणून अशा छपरात मध्ये मध्ये फायबरचे पत्रे टाकतात. धूळ बसली की ते लोखंडी पत्र्यांसारखेच दिसतात, पण माणसाचं वजन पेलत नाहीत. तसल्याच एका पत्र्यावर त्याचा पाय पडला. कमरेला दोरी नव्हती. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या, 'हेल्परचा पडून मृत्यू'. वाचून डोक्यात तिडीक गेली. हेल्पर म्हणे!

नाशिकरोडच्या बाजूला कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात मी कंट्रोल रूममध्ये इंजिनिअर होतो आणि मधू बॉयलरवर, ठेकेदाराचा माणूस. चोवीस वर्षं आम्ही एकत्र काढली, पण त्यानं मला 'साहेब' म्हणायचं काही सोडलं नाही. कोळशाची पूड जाड पाइपांमधून बॉयलरमध्ये जाते. पाइप तुंबायला लागला की आधी गार पडतो. मधू येताजाता त्या पाइपांवर तळहात ठेवायचा, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. मग माझ्याकडे येऊन सांगायचा, "साहेब, तिसरा गार लागतोय. अर्ध्या तासात चोक होईल." माझ्या स्क्रीनवर सगळं छान हिरवं. पहिल्यांदा मी त्याला हाकलून दिलं होतं, "तू मला शिकवणार का?" म्हणून. अर्ध्या तासानं ज्योत विझायला आली आणि माझी पळता भुई थोडी झाली. त्यानंतर मी स्क्रीनच्या आधी मधूला विचारायचो. नव्या इंजिनिअरांना शिकवायलाही त्यालाच पाठवायचो. वाहवा मात्र माझी व्हायची, आणि मी ती खुशाल घ्यायचो.

मग जुने संच बंद करायचं ठरलं. मला कोळशाचं काडीचं प्रेम नाही. आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीवर, पाण्याच्या टाकीवर आयुष्यभर राखच बसली. मधूचा खोकला तर गेटपासून ओळखू यायचा. ते बंद व्हायलाच हवं होतं. भाषणं झाली, हरित भविष्याचे फलक लागले. आम्हा कायम नोकरीवाल्यांची दुसरीकडे सोय झाली, आणि ठेकेदाराच्या माणसांना घरी जायला सांगितलं. तेव्हा मीच मधूच्या मागे लागलो, "सोलरचा कोर्स कर. तुझ्यासारखा माणूस त्यांना दिवा घेऊन शोधून सापडणार नाही." पन्नाशी उलटलेला माणूस, विशीतल्या पोरांबरोबर बाकावर बसून शिकला, पासही झाला. पण नव्या कंपनीनं टेक्निशियन म्हणून घ्यायला वीज केंद्रातल्या अनुभवाचा दाखला मागितला. आता तो आणायचा कुठून? ठेकेदार दर वर्षी बदलायचा, नव्या कागदावर मधू दर वर्षी नवा कामगार. चोवीस वर्षं राबलेल्या माणसाच्या हातात अकरा महिन्यांच्या वरचा एक कागद नव्हता.

तो घरी आला. "साहेब, लय काय नाय लिहायचं. मी बॉयलरवर होतो, तुम्ही पाहिलंय, एवढंच." माझ्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते. ठेकेदाराच्या माणसाला साहेबानं लेखी दिलं तर चौकशी लागेल, पेन्शन अडकेल, असं कुणीतरी कानात घातलं होतं. मी म्हणालो, "नियमात बसत नाही रे मधू." तो म्हणाला, "बरं साहेब." चहा पिऊन, कप स्वतः विसळून ठेवून गेला. घाबरट होतो मी. दुसरा शब्द नाही त्याला.

तर असा तो हेल्पर झाला. पॅनल पुसायला. एकदा हसत हसत सांगत होता, एका पॅनलचा कोपरा त्याच्या हाताला जास्त गरम लागला, म्हणून त्यानं सुपरवायझरला सांगितलं, तर तो म्हणाला, "मामा, तुम्ही पुसायचं बघा." नंतर तेच पॅनल जळालं. मीही हसलो तेव्हा. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

विहारात मधूच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जाऊन आलो, त्यानंतर दोन दिवसांनी कंपनीच्या माणसाचा फोन आला. फार गोड बोलत होता. "सर, गांगुर्डे तुमच्याकडे खूप वर्षं होते ना? तेवढं लेटरवर द्याल का?" मी विचारलं, आता कशाला? तर म्हणे, नुकसानभरपाईची केस आहे, माणूस अनुभवी होता असं दिसलं तर चूक त्याची स्वतःची ठरते... म्हणजे जिवंतपणी ज्या कागदावाचून त्याला हेल्पर केलं, तोच कागद त्यांना आता त्याच्यावर उलटवायला हवा होता! मी फोन आपटला. तडक मधूच्या बायकोकडे, शोभावहिनींकडे गेलो, म्हटलं, काळजी करू नका, मी काही लिहिणार नाही.

वहिनी म्हणाल्या, "लिहा ना साहेब. त्यांना बॉयलर यायचा, हे कुठंतरी लिहिलेलं राहू द्या."

"अहो वहिनी, ते तुमच्याच विरुद्ध वापरतील."

"मग पुढचंही लिहा. आगीचं काम येत होतं, पत्र्यावर चालायचं कुणी शिकवलं नव्हतं. दोरी दिली नव्हती. आता तुम्हाला कसली भीती?"

प्रज्ञानं वहीतला कागद फाडून दिला. तिथंच बसून लिहिलं, त्या म्हणाल्या ते सगळं, पाइपांचंसुद्धा. दहा मिनिटं लागली. दहा मिनिटं... शाळेत शिकवते प्रज्ञा, तिनं तपासायला घ्यावा तसा कागद घेतला, आईला मोठ्यानं वाचून दाखवला, आणि नावाआधी मी सवयीनं लिहिलेलं 'श्री.' खोडून वर 'कालकथित' लिहिलं.

"आमच्यात गेलेल्या माणसाला असं लिहितात, काका," ती म्हणाली. "बाकी दाखला बरोबर आहे."