नावाआधीचा श्री

कागदावर कामगाराच्या नावाआधी ‘श्री’ लिहिला की त्याचा मान राखला गेला, असं तुम्हीही मानता का? मी मानत होते. आमच्या घरात ते मानणं भागच होतं. बाबा रेल्वेत, कामगार संघटनेचे. विदर्भातून बदली होऊन रायपूरला आले ते पत्रकांचे गठ्ठे घेऊनच. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवर आणि गणितं सोडवली ती त्यांच्या कोऱ्या पाठीवर. त्यामुळे माझं साधं वाक्यही मागणीसारखं निघतं, असं आई म्हणते. मी जेवताना मीठ मागितलं तरी तिला मोर्चा आल्यासारखं वाटतं.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि कार्यालयांना जागा पुरेना. कामगारांची नोंदणी करणारं आमचं कार्यालय एका जुन्या गोदामात थाटलं होतं. मी तिथे कंत्राटावर कॉम्प्युटर सांभाळायला लागले. जुन्या राज्याकडून आलेल्या नोंदी आणि नव्यानं भरलेल्या नोंदी, सगळं एकाच मोठ्या तक्त्यात होतं. कुणी खिडकीवर आलं की त्याचं नाव टाकायचं, नोंद शोधायची, पावती छापायची. एवढंच काम. पण शोध चालू केला की पडदा पांढरा व्हायचा आणि पांढराच राहायचा. एका खिडकीवर शोध अडकला की शेजारच्या खिडक्याही अडकायच्या. मग ‘वेळ संपली’ अशी पाटी यायची आणि रांगेला सांगितलं जायचं, उद्या या.

त्या दिवसांत एक बाई रोज सकाळी सिलतऱ्याहून यायची. तिचा नवरा तिथल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात कामाला होता. भट्टीशी त्याचा उजवा हात भाजला होता. हात वाचवायचा तर शस्त्रक्रिया लवकर करायला हवी, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि दवाखान्याला त्याआधी नोंदणीची पावती हवी होती. त्याचं कार्ड ठेकेदारानं स्वतःकडे ठेवलं होतं आणि ठेकेदार फोन उचलत नव्हता. नोंदणीचा नंबर कुणालाच पाठ नव्हता. म्हणजे नावावरूनच शोधायचं.

“सर्वर धीमा है अम्मा, कल आना,” खिडकीवरचा ऑपरेटर म्हणाला. तोही मराठी घरातलाच, पण बोलायचा हिंदीत.

“काली घलो इही कहे रहेव, भैया,” ती म्हणाली. कालही हेच म्हणाला होतात. आवाज चढवला नाही तिनं. मी मागे बसले होते, मला मात्र खुर्चीत बसवेना.

कार्यालयानं आपल्या परीनं उपाय केला होता. नवं, मोठं मशीन आणलं, त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पेढे वाटले. काही दिवस जरा बरं चाललं. नोंदी वाढल्या आणि पुन्हा तेच. आता अजून मोठं मशीन मागवायचं, असं ठरत होतं. मी त्या शोधात आहे तरी काय, ते उघडून बघितलं.

शोध ‘नावात कुठेही’ असा लावलेला होता. म्हणजे टाकलेला शब्द नोंदीच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी, कुठेही असू शकेल असं धरून मशीन पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक नोंद पूर्ण वाचत होतं. असं का, तर नावाच्या खान्यात आधी काय येईल याचा भरवसा नव्हता. कुठे श्री, कुठे श्रीमती, कुठे कुमारी, कुठे स्व. श्री, आणि जुन्या राज्याकडून आलेली नावं नुसतीच. नावांची सूची केलेली होती, पण नाव कोणत्या अक्षरानं सुरू होतं हे माहीत असेल तरच सूची उपयोगी. रायपूरच्या गोल बाजारात जाऊन बघा. भांड्यांची गल्ली वेगळी, कापडाची वेगळी, म्हणून माणूस सरळ पोचतो. पण कुणी म्हणालं की दुकानाच्या नावात कुठेतरी ‘लक्ष्मी’ आहे, तर सगळ्या गल्ल्यांतल्या सगळ्या पाट्या वाचत फिरावं लागेल. आमचं मशीन प्रत्येक माणसासाठी अख्खा बाजार फिरत होतं.

हा श्री लावायला सांगितला होता आमच्या वरिष्ठ मॅडमनी. मी त्यांना काकू म्हणायची. ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीत त्यांचं घर, घराणं भोसल्यांच्या काळापासून इथे स्थायिक. मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

“काकू, नावातून श्री काढावा लागेल.”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “काहून वं? तुह्या काय पोटात दुखून राहिलं?”

मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पोट्टे, तुले माहीत नाही. जुने कागद पाहिले मी. मालगुजाराच्या नावामागं अर्धी ओळ उपाधी, अन् मजुराचं नाव नुसतं. बुधारू, समारू, बस्स. नवं राज्य आलं तवा मी सांगितलं, एकही नाव उघडं राहणार नाही. सगळ्यायले श्री. आता तू म्हणतेस, काढ?”

बाबांच्या पत्रकात हेच छापून आलं असतं तर मी ते भिंतीला चिकटवलं असतं. तरी घरी जाऊन मी एक पत्रक लिहिलंच. ‘श्री हटवा, रांग हटवा.’ सकाळी ते फलकावर लावलं. जेवणाच्या सुट्टीत बघते तर काकूंनी ते काढून, नीट घडी घालून, त्यावर डबा ठेवला होता.

“कागद बरा आहे,” त्या म्हणाल्या. “तेल नाही उतरत.”

त्याच वेळी बाहेरून ऑपरेटरचा आवाज आला, “ए, सिलतरावाली, पीछे हट, लाइन मत तोड़।”

“काकू, ऐकलं?” मी म्हटलं. “कागदावर श्रीमती अन् खिडकीवर ए. श्री तक्त्यात बंद आहे, बाहेर कोणाले दिसून राहिला तो? ती बाई रोजी बुडवून येते अन् तिच्या नवऱ्याचा हात दवाखान्यात सडून राहिला. हा मान आहे?”

मी पुढेही बरंच बोलले असते. काकूंनी हात वर केला. डब्याचं झाकण लावलं. “भाषण नको देऊ. करून दाखव. खऱ्या तक्त्याले हात लावायचा नाही. साहेबाची सही लागते, अन् साहेब दौऱ्यावर आहेत.”

मी जुन्या मशीनवर तक्त्याची प्रत घेतली. नावाच्या शेजारी एक नवा खाना केला, त्याला ‘मान’ नाव दिलं, आणि श्री, श्रीमती, कुमारी, स्वर्गीय, सगळं उचलून त्यात टाकलं. नाव नावाच्या खान्यात उरलं. त्यावर नव्यानं सूची बांधली, आणि शोध ‘नावाच्या सुरुवातीपासून’ असा लावला. दुपार गेली त्यात. बाई बाहेर पायरीवर बसून होती. तिची परतीची बस चुकत होती की नाही, हे मी सारखी दारातून बघत होते, जसं काही माझ्या बघण्यानं बस थांबणार होती.

काकू चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसल्या. आधी त्यांनी जुना शोध लावायला सांगितला, बाईच्या नवऱ्याच्या नावानं. पडदा पांढरा. चहावर साय धरली. मग मी प्रतीवर तेच नाव टाकलं. काकूंनी कप उचलला आणि तोंडापर्यंत नेण्याआधी नोंद समोर होती. त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, कारखाना, नंबर.

कप तसाच हातात धरून त्या म्हणाल्या, “अन् श्री कुठी गेला?”

“बाजूच्या खान्यात.”

“छापताना?”

“येईल.”

“मले छापून दाखव.”

घाईत मी ते जोडायला विसरले होते. कागद श्रीशिवाय निघाला. काकूंनी तो माझ्याकडे परत सरकवला. दुसऱ्यांदा छापला तेव्हा श्री नावाआधी, जिथल्या तिथे होता.

नंबर हाती आल्यावर खऱ्या तक्त्याची अडचण राहिली नाही. नंबरावरून तिथेही नोंद लगेच उघडायची. काकू स्वतः खिडकीवर गेल्या, ऑपरेटरला उठवलं, पावती छापली, सही केली आणि बाहेर बघून त्या बाईला पूर्ण नावानं, श्रीमती लावून हाक मारली. ती उठली नाही. ही हाक आपल्यासाठी आहे हे तिच्या लक्षातच आलं नाही. काकूंनी पुन्हा हाक मारली.

साहेब परतल्यावर सही झाली आणि खऱ्या तक्त्यातही तोच बदल केला. मोठं मशीन मागवलं नाही. काकूंनी एक अट घातली होती, खिडकीवरून हाक मारतानाही मानाचा खाना वाचायचा.

“मॅडम, दिनभर में जीभ घिस जाएगी,” ऑपरेटर कुरकुरला.

“घिसू दे. मशीनचं काम कमी झालं, आता थोडं तू कर.”

काही आठवड्यांनी ती बाई पुन्हा आली. नवऱ्याचं नवं कार्ड न्यायला. मी बाहेर जाऊन हाताचं विचारलं. अंगठा चालतो म्हणाली, शेजारचं बोट थोडं वाकतं. बाकीची बोटं कडक झाली. अजून थोडं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. एवढं बोलून तिनं कार्ड पदराच्या गाठीत बांधलं आणि निघाली.

त्या ‘अजून थोडं आधी’मधलं किती आमच्या पांढऱ्या पडद्याचं होतं, हे मला कुणी सांगू शकत नाही. मी आजही कुठल्या कार्यालयात गेले आणि ‘सर्व्हर स्लो’ ऐकलं की शांत उभी राहू शकत नाही. लोक वैतागतात.

तुमच्या ताब्यात असा एखादा शोध असेल, तर उद्या सकाळी खुर्चीतून उठा. बाहेर जा, रांगेतल्या शेवटच्या माणसाचं नाव विचारा आणि आतल्यांना तेच नाव शोधायला लावा. उत्तर येईपर्यंत त्याच्या शेजारी उभे राहा, फोन खिशात ठेवून. मग आत या, आणि तुम्ही त्या यंत्राला प्रत्येक वेळी नेमकं काय काय वाचायला लावलं आहे, ते उघडून बघा. ते दुरुस्त होईपर्यंत दुसरं काम हातात घेऊ नका.