सरांचा हार

टिटवाळ्याची रुचिता ठोंबरे फटकळ बाई. डोंबिवलीजवळच्या आमच्या मेडिकल कॉलेजात ती संशोधनासाठी माणसाच्या पेशी वाढवते. चप्पल घालून लॅबमध्ये शिरणाऱ्याला ती तोंडावर हाकलते.

गेल्या दसऱ्याला विभागप्रमुख साठेसर यंत्रांची पूजा करायला आले. साहेबांना अडवणार कोण? पेशींचं बंद कपाट उघडून त्यांनी आतच झेंडूचा हार टांगला. आठवड्यात सगळ्या पेशींना बुरशी लागली. मीटिंगमध्ये मात्र सरांनी खापर फोडलं रुचितावर. म्हणे, "बाई स्वच्छता पाळत नाहीत."

यंदा तिने हार दारातच सरांच्या हातून घेतला आणि दार लावलं. संध्याकाळी सर केबिनमध्ये गेले, तर भिंतीवरच्या त्यांच्याच फोटोला तो हार घातलेला होता. खाली उदबत्तीही लावलेली होती.