परबांच्या गिरणीचं गाऱ्हाणं

लालबागची मसाल्याची गिरणी जागेसकट बिल्डरला विकायचं ठरलं, तरी भिवाजी परबांनी आधी जागेच्या राखणदार देवापुढे नारळ ठेवला. कोकणातला माणूस, त्याला विचारल्याशिवाय जागा सोडेल कसा? दोन्ही मुलगे पेन उघडून तयार होते. बिल्डर घड्याळ बघत चुळबुळत होता.

भिवाजींनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ह्या जागेपायी जो कोण सख्ख्या भावाक फसयत, तेका हयसरच गाठ!"

आता मागून सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. थोरला चपलेकडे बघू लागला. धाकट्याने नुसताच घसा खाकरला. भिवाजींनी एकदा थोरल्याकडे, एकदा धाकट्याकडे बघितलं.

नारळ न फोडताच ते उठले.

"शेठ," ते बिल्डरला म्हणाले, "मिरची कुटूची आसली तर येवा. जागा विकूची नाय."