ज्याला दिसतं त्यानं दाबावं

"कोणाचं झालं?"

आमच्या ऑफिसात "झालं" म्हणायची चोरी होती. म्हणजे म्हणायला हरकत नव्हती, पण ते ताईंच्या कानावर जाता कामा नये. कोणी खुर्चीत मागे रेलून "झालं बुवा एकदाचं" म्हटलं, की पलीकडच्या टेबलामागून आधी भैरवगढच्या छापाची ओढणी दिसायची, मग चष्मा, मग हा प्रश्न यायचा. रेललेला माणूस आपोआप सरळ व्हायचा.

ऑफिस म्हणजे नानाखेड्याच्या बसस्टँडजवळ, एका मिठाईच्या दुकानावरचा मजला. शाळा-कॉलेजांसाठी आम्ही एक संगणकप्रणाली सांभाळतो. त्यातलं आमचं खातं ओळख पटवण्याचं. माऊस, प्रिंटर, कॅमेरा, जे काही संगणकाला लावाल, ते कोण आहे हे ओळखायचं आणि योग्य त्या प्रोग्रॅमच्या हवाली करायचं. लग्नाच्या दारात उभं राहून वरपक्षाला इकडे, वधूपक्षाला तिकडे बसवणारा एक माणूस असतो ना, ते आम्ही. ओळख चुकली की सगळा मांडव बिघडतो. असल्या चुका निस्तरण्यात ताईंची वीसेक वर्षं गेली होती, आणि त्या करण्यात माझी सहा.

ताई इथल्याच, या हिंदी मुलखात मुरलेल्या जुन्या मराठी घरातल्या. साहेबांशी हिंदीत भांडायच्या, माझ्याशी मराठीत, आणि संगणकाशी दोन्हीत.

आता माझा पराक्रम ऐका.

त्या वर्षी एका इंजिनियरिंग कॉलेजानं मुलांना शिकायला छोटे छोटे बोर्ड घेतले. तळहाताएवढे, दिवे लुकलुकणारे. मुलं बोर्ड लावत आणि तो संगणकातून गायब होई. कारण असं, की दृष्टिहीन लोक वाचायला एक ब्रेल पट्टी वापरतात. कीबोर्डसारखी लांबट, वर बारीक टाचण्यांची रांग. पडद्यावरचा मजकूर तिथे टाचण्यांच्या रूपानं वर येतो आणि बोटांनी वाचता येतो. या पट्टीच्या पोटात आणि त्या बोर्डाच्या पोटात जोडणीची चिप एकच. म्हणून दोघंही दारात येऊन एकच नंबर सांगत. आमच्या प्रणालीत एक ओळ होती : हा नंबर आला की तो ब्रेलवाल्या प्रोग्रॅमकडे द्या. त्यामुळे बोर्डही तिकडेच जाऊन बसत.

तक्रारींचा ढीग लागला. मी ती ओळ शोधली आणि पुसून टाकली. एका ओळीत अख्खा ढीग साफ! साहेबांनी पाठ थोपटली. मी खालच्या मिठाईवाल्याकडून मावाबाटी आणल्या.

"कोणाचं झालं?" ताईंनी विचारलं.

"सगळ्यांचं, ताई!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मावाबाटी डब्याच्या झाकणात ठेवली आणि कामाला लागल्या. ती त्यांनी खाल्लीच नाही. मला वाटलं, शुगर असेल.

दोन दिवसांनी फोन आला. ताईंनी स्पीकर लावला, माझ्यासाठी. भैरवगढच्या रस्त्यावरच्या एका सरकारी शाळेतले मास्टरसाहब बोलत होते. जन्मापासून दिसत नाही, दहावीला इतिहास शिकवतात.

"बहनजी, मेरी पट्टी गूँगी हो गई।"

ती मावाबाटी शुगरमुळे राहिली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

ताई त्याच दुपारी शाळेत गेल्या आणि मास्टरसाहबांच्या लॅपटॉपमध्ये ती ओळ हातानं घालून आल्या. पुढच्या आठवड्यात आमचं अपडेट गेलं आणि त्यानं ती पुन्हा पुसली. भर वर्गात, धडा अर्ध्यावर असताना. पोरं हसली. प्राचार्यांनी दहावी दुसऱ्याला दिली आणि मास्टरसाहबांना सांगितलं, मशीन पक्की ठीक होईपर्यंत स्टाफरूममध्ये आराम करा, पगार चालू राहील.

"आराम बहुत बुरी चीज़ है, बहनजी," ते फोनवर म्हणाले. "घंटी बजती है, सब उठ जाते हैं, मैं बैठा रहता हूँ।"

ताईंनी फोन ठेवला. मला वाटलं, आता मला फाडून खाणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "खुर्ची इकडे ओढ."

नुसती ओळ परत घातली तर बोर्ड पुन्हा गायब होणार. आधी विचारून बघावं, "बाबा रे, तू कोण?", तर नुसतं विचारल्यानंही काही बोर्ड दचकून पहिल्यापासून सुरू होत. तीन दिवस आम्ही डोकी फोडली. चौथ्या दिवशी मला साक्षात्कार झाला.

"ताई, सोपं आहे! पडद्यावर एक चौकट आणायची. 'ही ब्रेल पट्टी आहे का?' हो किंवा नाही. वापरणाराच सांगेल!"

"छान," ताई म्हणाल्या. "आता डोळे मीट."

मी मिटले.

"चौकट आली आहे. दाब 'हो'."

मी माऊस चाचपडला. त्यांचा चहा सांडला. डोळे उघडले तेव्हा ताई फडक्यानं टेबल पुसत होत्या आणि हसत होत्या. मग पुसता पुसता थांबल्या.

"चौकट बरोबर आहे रे. माणूस चुकीचा धरलास."

आणि त्यांनी तुमच्या-माझ्यासारख्यांची सवय उलटी फिरवली. नंबर आला की आधी पट्टी समजायचं, काही न विचारता. पडद्यावर चौकट येईल : 'हा तुमचा बोर्ड असेल तर इथे दाबा.' बोर्डवाल्या मुलाला डोळे आहेत. ज्याला दिसतं त्यानं दाबावं.

साहेब वर आले ते तापलेलेच. "दीदी, कॉलेजवाले ग्राहक हैं। बच्चों को एक क्लिक ज़्यादा करना पड़ेगा!"

"पहली बार ही, साहब। उँगलियाँ घिस नहीं जाएँगी।"

"एक आदमी के लिए?"

"एक ने फोन लगाया। जिनकी पट्टी ही बंद है और जो हमारा नंबर तक नहीं ढूँढ पाए, उनकी गिनती आप करेंगे?"

"या तो वो क्लिक निकालिए, या फिर..."

'या फिर' काय, ते साहेबांच्या तोंडून निघेना. ते ताईंनी पूर्ण केलं. माझ्या पराक्रमानंतर आमच्या खात्याचं अपडेट ताईंच्या सहीशिवाय बाहेर जात नसे. सकाळी त्यांनी सही केली, अपडेट सगळीकडे गेलं. दुपारी त्यांनी राजीनामा दिला. मी म्हटलं, "ताई, जरा नमतं घेतलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "मी नमले तर तिकडे मास्टरसाहबांना बसून राहावं लागेल. त्यापेक्षा मी उठते."

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मला स्कूटरवर मागे बसवून शाळेत घेऊन गेल्या. प्राचार्यांनी दहावी परत दिली होती, तास सुरू होता. आम्ही व्हरांड्यातच थांबलो. मास्टरसाहबांचा लॅपटॉप जवळजवळ मिटलेला होता. उजेडाचं त्यांना काय काम? समोर पट्टी, तिच्यावर दोन्ही हात. बोटं ओळ संपवतात न संपवतात तोच अंगठा कळ दाबून पुढची ओळ वर आणायचा. मागच्या बाकावर कोणी खुसपुसलं.

"ऐ, खिड़की के पास वाले! दिखता नहीं है, सुनाई तो देता है।"

वर्ग खळखळून हसला. मी आत जाऊन सांगणार होतो की बहनजी आल्या आहेत. ताईंनी माझं कोपर धरलं.

"तास चालू आहे."

घंटा होईपर्यंत त्या खांबाला टेकून उभ्या होत्या. मग चष्मा ओढणीला पुसला आणि जिना उतरल्या. मास्टरसाहबांना आजही ठाऊक नाही की त्या तिथे होत्या.

सोमवारी ताईंची खुर्ची रिकामी होती, आणि सही माझ्याकडे आली. साहेब लगेच हजर.

"अब तुम हो। वो क्लिक निकाल दो।"

सहा वर्षांत मी ऑफिसात एकच गोष्ट कमावली होती : आपलं डोकं जरा जाड आहे अशी ख्याती. ती अशी कामाला येईल हे स्वप्नातही नव्हतं.

"सर, दीदी का कोड बहुत पेचीदा है। समझने में टाइम लगेगा।"

याला वर्ष उलटून गेलं. दर महिन्याला साहेब विचारतात, "समझ में आया?" मी डोकं खाजवतो. "थोड़ा-थोड़ा, सर।" ते कपाळाला हात लावून जातात.

तो कोड अकरा ओळींचा आहे. मला तोंडपाठ आहे.