खिळे मारलेला हात

शर्मिष्ठाने चर्चमध्ये पहिलं पाऊल टाकलं ते एका माणसाचं वाटोळं मागायला.

मूळची ती कराडची. नवरा विद्याधर रेल्वेत, म्हणून चेन्नईजवळच्या तांबरमला आली आणि तिथलीच झाली. तमिळ मुलांना हिंदी शिकवायची. संसार बेताचा, पण हसताखेळता. एकुलती एक मुलगी नीलम डिप्लोमा करून ओरगडमच्या एका कारखान्यात लागली, तेव्हा शर्मिष्ठाने सगळ्या चाळीला पुरणपोळी खाऊ घातली होती.

आणि एका सकाळच्या शिफ्टला प्रेस मशीन नीलमच्या उजव्या हातावर खाली आलं. तीन बोटं गेली. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर सुपरवायझर जेबराजने बंद करून ठेवला होता. काम सारखं अडत होतं म्हणून. "पत्रा अडकलाय, पटकन काढ," असं सांगणाराही तोच. चौकशीत मात्र तो शपथेवर म्हणाला, "पोरीने नियम मोडून हात घातला." कंपनीने ते उचलून धरलं. चूक नीलमची ठरली.

हॉस्पिटलात नीलमची वेणी घालायला, तिला भरवायला अरुळमेरी नावाची आया होती. शर्मिष्ठा दिवसभर पुटपुटत शिव्याशाप द्यायची, ते ती ऐकत असे. एका दुपारी म्हणाली, "अक्का, भिंतीला सांगून काय होणार? चल माझ्याबरोबर. तिथे सांग."

"मी काय मागणार आहे ठाऊक आहे तुला? त्याचे हात सडू देत, असं मागणार आहे."

"तेच सांग. आमच्या देवासमोर, सामीसमोर, गोड बोलावं लागत नाही."

स्टेशनजवळच्या त्या चर्चमध्ये शर्मिष्ठा क्रुसापुढे उभी राहिली. पुढच्या पंधरा मिनिटांत तिने मराठीत जे सुनावलं ते विद्याधरने ऐकलं असतं तर कान झाकले असते. दमल्यावर तिची नजर वर गेली. लाकडी हात, तळव्यात खिळा, बोटं वेदनेने वळलेली. नीलमचं बँडेज पहिल्यांदा सोडलं तेव्हा उरलेली दोन बोटं अशीच वळली होती. तिला हुंदका आवरेना.

"ह्याला कळतं," अरुळमेरी हळूच म्हणाली. "दुखणं म्हणजे काय, ते ह्याला कुणी सांगावं लागत नाही."

"आणि मारणाऱ्यांचं काय केलं ह्याने?"

"माफ केलं."

"मग माझ्या काय कामाचा?" म्हणून शर्मिष्ठा तडक बाहेर पडली. तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. रडायला दुसरी जागा नव्हती. घरी नीलमसमोर रडता येत नव्हतं.

पण नुसतं रडून तिचं भागणार नव्हतं. कंपनीची बस जिथून जेबराजला घ्यायची तिथे ती रोज सकाळी जाऊन उभी राहू लागली. बोलायची नाही, नुसती बघायची. त्याने थांबा बदलला. तिने तोही शोधला. त्याच्या गल्लीतल्या बायकांना मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सगळी हकिकत सांगितली. त्याची बायको बाजारात मान खाली घालून चालायला लागली, तेव्हा शर्मिष्ठाला कित्येक दिवसांनी जेवण गोड लागलं.

मग एक दिवस चर्चमध्ये शिरताना तिला तो दिसला. जेबराज. पुढे गुडघे टेकून, त्याच क्रुसासमोर, खांदे गदगदत होते त्याचे.

तिचं डोकंच फिरलं. धावत जाऊन तिने त्याची कॉलर धरली. "इथे रडतोस? फुकटात सुटायला? इथे रडून माझ्या मुलीची बोटं येणार आहेत का?"

लोक जमले. जेबराजने कॉलर सोडवून घेतली नाही. "काय करू, अम्मा?" एवढंच म्हणाला.

"माझ्या घरी ये. तिच्या तोंडावर बोल."

तो आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं कबूल केलं. नीलम शांतपणे म्हणाली, "हे मला ठाऊकच आहे, सर. मी होते ना तिथे. ज्यांना ठाऊक नाही, त्यांना सांगा."

कामगार अधिकाऱ्यापुढे त्याने खरं सांगितलं. नीलमवरचा ठपका पुसला गेला, तिला ऑफिसात काम मिळालं. जेबराजची नोकरी गेली. तो डब्याची पिशवी घेऊन कारखान्याच्या फाटकातून शेवटच्या वेळी बाहेर पडला, ते बघायला शर्मिष्ठा मुद्दाम ओरगडमपर्यंत गेली आणि तो नजरेआड होईपर्यंत हलली नाही. मनातून सुखावली ती. खोटं कशाला बोला?

विद्याधरने विचारलं, "झालं समाधान?"

"अर्धं," ती म्हणाली.

त्या अर्ध्यावरही पाणी पडलं, कारण अरुळमेरी जेबराजच्या घरी जेवण पोचवते असं तिच्या कानावर आलं. शर्मिष्ठा हॉस्पिटलात जाऊन तिच्यावर तुटून पडली. "तू नक्की कुणाच्या बाजूची? आणि तुझा तो देव?"

अरुळमेरी हातातला मॉप भिंतीला टेकवून म्हणाली, "सामी आधी तुझ्याकडे आला, अक्का. तुझं दुःख मोठं होतं. पण तो तुझ्याकडेच राहील, दुसऱ्या कुणाच्या दारात जाणार नाही, असं तुला कुणी सांगितलं? जेबराजच्या घरात लहान मुलं आहेत."

"त्याचा विचार त्याने करायचा होता."

"हो. करायचा होता," अरुळमेरी म्हणाली आणि पुन्हा फरशी पुसायला लागली.

दोघींचं बोलणं महिनाभर बंद होतं. पुढे शर्मिष्ठाच आपणहून गेली, पण माफीचा विषय कुणी काढायचा नाही, ह्या अटीवर. अरुळमेरीने तो कधी काढला नाही.

जेबराजला तिने आजही माफ केलेलं नाही. विचारलं तर तसं स्पष्ट सांगते. कधीमधी तो चर्चमध्ये येतो आणि गर्दी असली की तिच्याच बाकाच्या टोकाला बसतो. ती सरकून जागा देत नाही. पण आताशा उठूनही जात नाही.