तात्यासाहेबांच्या आवडीचं पिठलं

दुपारच्या जेवणानंतर मान खुर्चीच्या पाठीवर कलते, पेपर छातीवर पसरतो आणि आपण जागेच आहोत असं माणूस घरच्यांना ठासून सांगू लागतो. त्या घटकेला मनोहरपंत घळसासी येऊन पोचले आहेत. सून नयना तिवईवर बिनसाखरेचा चहा ठेवते, वर बशी झाकते.

"निवेल हं, बाबा."

"जागाच आहे मी," मनोहरपंत म्हणतात आणि तिच्यादेखत घोरू लागतात.

खरं तर आज त्यांनी जागं राहायला हवं. मनोहरपंत म्हणजे माजी पंतप्रधान कै. तात्यासाहेब हिरवे यांचे स्वीय सचिव, आणि आज तात्यासाहेबांची पुण्यतिथी. संध्याकाळी स्मारकात भाषण मनोहरपंतांचं. तसबिरीपुढचं नैवेद्याचं पानही त्यांच्याच घरून जातं, तात्यासाहेबांच्या आवडीचं पिठलं-भाकरी. तात्यांना काय आवडायचं हे मनोहरपंतांना विचारायचं, अशी देशाला सवयच लागली आहे. तेही दर वर्षी साधेपणाची एक नवी आठवण काढतात. यंदाची तोंडपाठ झाली आहे: तात्यांनी देशासाठी चहा सोडला होता.

खट्. खट्. खट्.

जिन्यावर खडावा वाजतात. दारात तात्यासाहेब उभे आहेत. अंगात ठिगळांचा कोट, काखेत मोडकी छत्री.

"बसू का? का मी खुर्चीवर कधी बसत नसे, असंही सांगून ठेवलंयस?"

मनोहरपंत धडपडून उठतात. उठतात तर घर नाही, दिल्लीच्या बंगल्यातली बैठकीची खोली आहे आणि गुबगुबीत सोफ्याच्या अगदी कडेला तात्या अंग चोरून बसले आहेत.

"तात्या, खडावा कशाला घातल्यात? तुम्हाला तर मऊ पंपशू लागायचे."

"तू माझ्या म्हणून संग्रहालयात ठेवल्यास ना? मग तिकडं मला ह्याच. तिकडचा कायदा तसा आहे मनोहर. मागं राहिलेली माणसं जे सांगतात, तेच माणसाला पुरवतात."

"म्हणजे?"

"म्हणजे पहाटे चारला उठतो. गार पाण्यानं अंघोळ करतो. छत्री गळते."

आवाजात राग नावाला नाही. मनोहरपंतांना मात्र आठवू लागतं: सूर्य वर आला तरी लोळणारे तात्या, कढत पाण्याची दुसरी बादली मागवून न्हाणीत बेसूर लावण्या म्हणणारे तात्या, कॅरममध्ये हरायला लागले की राणी हळूच खिशात टाकणारे तात्या. हे सगळं मनोहरपंतांना फार आवडायचं. म्हणूनच बहुधा त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

"शेजारी एक आमदार आहे," तात्या सांगतात. "त्याची बायको येईल-जाईल त्याला सांगते, आमचे हे भारी खादाड होते हो. मजेत आहे लेकाचा. रोज श्रीखंड."

"आणि तुम्हाला जेवायला?" विचारल्याबरोबर मनोहरपंत जीभ चावतात.

"पिठलं."

"रोज?"

"रोज. प्रचारात एकदा फोटोपुरतं खाल्लं होतं. फोटो निघाल्यावर ताट तूच उचललंस. आठवतं?"

मनोहरपंत मान खाली घालतात. खाली गालिचा नाही, गुळगुळीत फरशी आहे, आणि चारी बाजूंना काच आली आहे. दोघे संग्रहालयाच्या कपाटात बसले आहेत. डोक्यावर पाटी, 'हात लावू नये'. तात्यांच्या हातात नयनानं ठेवलेला कप आहे. ते कोटातून बिस्किट काढतात, बुडवतात, ते तुटून तळाशी जातं. दरवाज्याकडे एक चोरटी नजर टाकून ते दोन बोटांनी गाळ काढतात आणि चाटतात. बंगल्यावर अगदी अस्संच चालायचं.

"एवढा चहाच काय तो राहिलाय बघ," तात्या म्हणतात. "त्याच्याबद्दल तू अजून काही बोलला नाहीस, म्हणून मिळतो. साखर नाही वाटतं यात? असू दे, असू दे. आज काय बोलणार आहेस?"

फिनेलचा वास येतो. काचेपलीकडे लांब पांढरा बोळ दिसतो, खाटेवर तात्या दिसतात, आणि तो शेवटचा दिवस पुन्हा उजाडतो.

"मनोहर, कांदाभजी खाऊ घाल रे. आता डॉक्टरसुद्धा नाही म्हणत नाहीत."

तेव्हा मनोहरपंतांचं तोंड जे बोललं, तेच आताही बोलतं. "वास बाहेर जाईल तात्या. बाहेर वार्ताहर आहेत."

"बरं," तात्या म्हणतात.

तेव्हाही एवढंच म्हणाले होते. मनोहरपंतांना वाटतं, यांनी एक सणसणीत शिवी हासडावी. शिव्यांमध्ये तात्यांचा हात धरणारं अख्ख्या संसदेत कुणी नव्हतं. पण तात्या उलट त्यांचीच समजूत घालतात. "तुझंही बरोबरच होतं म्हणा. देशाची अब्रू मोठी. भजी काय, भजीच."

ऐंशीच्या घरातला माणूस तोंड लपवायला उशी शोधतो. उशी तात्यांच्या डोक्याखाली आहे.

"बाबा! जागे आहात ना?"

मनोहरपंत डोळे उघडतात. पेपर खाली घसरला आहे. बशी तिवईवर बाजूला ठेवलेली. कप रिकामा, तळाशी बिस्किटाचा ओला गाळ आणि त्या गाळातून दोन बोटांच्या स्वच्छ रेघा.

नयना कपात डोकावते. "बिस्किट कुठून पैदा केलंत? साखर वाढली तेव्हापासून मी घरात ठेवतच नाही."

"माझं नव्हे ते."

"मग कुणाचं?"

मनोहरपंत स्वतःची बोटं निरखून पाहतात. कोरडी आहेत.

"बरं, ते राहू दे," नयना म्हणते. "पानासाठी पिठलं टाकते. बेसन काढलंय."

"बेसन तेच घे. कांदे चीर आणि भजी कर."

"नैवेद्याला? बाबा, तात्यासाहेबांना पिठलं आवडायचं असं अख्ख्या देशाला कुणी सांगितलंय?"

"मी."

"मग आता लोक काय म्हणतील?"

"मला म्हणतील. म्हणू देत. आणि पानाशेजारी चहा ठेव. साखर घालून."

"आणि चहा सोडल्याची ती गोष्ट? आठवडाभर आरशापुढं घोकताय."

"ती नाही सांगायची," मनोहरपंत कपातल्या रेघांकडे बघत म्हणतात.

कढईत तेल तापतं, पहिला घाणा पडतो. वास गल्लीत जाऊ नये म्हणून नयना सवयीनं खिडकीकडे वळते.

"उघडी राहू दे," मनोहरपंत बाहेरून ओरडतात. कप त्यांनी दोन्ही हातांत धरला आहे, विसळायला द्यायची त्यांची तयारी नाही. "सताड उघडी राहू दे!"